फोटोखालची पट्टी

चेहरा झाकला होता मी. आधी हेच सांगते, कारण त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःलाही हेच सांगत बसले होते. बाईच्या चेहऱ्यावर एक पिवळा हसरा गोळा चिकटवला, तिच्या चार वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर दुसरा, आणि फोटो कामाच्या ग्रुपवर टाकून दिला. वर नियम पाळल्याचं समाधान.

मी घनसावंगीकडची. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसोबत काम करते, त्याला वीस वर्षं होत आली. पूर्वी घरभेट म्हणजे वहीत दोन ओळी आणि बाईची सही, नाहीतर अंगठा. आता ऑफिसनं फोनमध्ये एक कॅमेऱ्याचं अ‍ॅप घालून दिलंय. त्याच्यात फोटो काढला की खाली आपोआप काळी पट्टी उमटते. तारीख, वेळ, गावाचं नाव, नकाशावरची जागासुद्धा. पट्टी नसेल तर भेट धरत नाहीत. भर उन्हात फटफटीवर जा, बाईचं रडणं ऐका, तिला दवाखान्यात न्या. पट्टी नाही, तर तुम्ही गेलाच नाहीत म्हणे! या पट्टीवरून मी दर बैठकीत भांडायची. आणि तिची सवयही अशी लागली, की तिच्यात काय लिहिलंय हे बघणंच बंद झालं. आम्ही सगळ्याजणी तसंच करायचो. चेहरा झाकायचा आणि पट्टी तेवढी नीट ठेवायची.

ती बाई सासरहून निघून बदनापूरजवळच्या एका खेड्यात राहायला आली होती. तिच्या आईची मानलेली बहीण तिथं एकटी राहायची, तिलाच ही मावशी म्हणायची. सासरच्यांना या मावशीचं घर ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते आम्हा दोघींना, मावशीला आणि मला.

आमच्या ग्रुपवर गावोगावची शंभरावर माणसं. कुणी कुणाला फोटो पाठवला, देव जाणे. तो बाईच्या नवऱ्यापर्यंत पोचला. पोरीच्या अंगातला फ्रॉक त्यानंच घेतलेला, तो त्यानं बराबर ओळखला. खाली गावाचं नाव होतंच. तिसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन जीपनं आला आणि पोरीला ओढायला लागला. बाईनं पोरगी सोडली नाही, तेव्हा त्यानं बाईचाच हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं. मावशीनं आरडाओरडा केला, गल्ली गोळा झाली, म्हणून पोरगी वाचली.

मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा नवरा जमादारापुढे फोन धरून सांगत होता, "साहेब, माझी पोरगी लपवून ठेवली व्हती हिनं. बघा, हा फोटो!" जमादारानं पाहिला, मीही पाहिला. मीच काढलेला, खाली पट्टी अगदी नीट. फोटो कुणी काढला हे कुणी विचारलं नाही. बाई तेव्हा दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून घेत होती. मीही काही बोलले नाही.

साहेबांना मात्र सांगितलं, आमच्या ऑफिसच्या प्रमुखांना. माणूस वाईट नाही. डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "ताई, जल्दी तो मेसेज काढून टाका. बाईला काही सांगू नका. तिचा आपल्यावरचा विश्वास उडाला तर ती नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहायची नाही. तिच्याच भल्याचं सांगतो." तिच्याच भल्याचं! वीस वर्षांत हे शब्द मी नवऱ्यांच्या, सासवांच्या, सरपंचांच्या तोंडून ऐकले होते आणि प्रत्येक वेळी भांडले होते. या खेपेला मान हलवली आणि मेसेज काढून टाकला. मला बरं वाटलं, हे कबूल करायची आजही लाज वाटते.

बाईला आम्ही जालन्यातल्या निवाऱ्यात हलवलं. पहिल्याच भेटीत तिनं मला जवळ बसवून सांगितलं, "ताई, मावशीनंच त्याला सांगितलं. दोघींनाच ठावं व्हतं. अन् तुमी तर सांगणार न्हाई."

मी तिच्या प्लास्टरकडे बघत राहिले. "असं नसेल गं," एवढंच म्हटलं. लई मोठं काम केलं!

निवाऱ्याचा पत्ता मावशीला द्यायचा नाही असा नियम. त्यामुळे ती नवीन जालना भागातल्या आमच्या ऑफिसात यायची. एसटीनं यायची, डबा ठेवायची आणि पायरीवर बसून राहायची. डबा मी निवाऱ्यात न्यायचे. बाई त्याला हात लावायची नाही. पोरगी मागायची तर तिला दटावायची. मंग तोच भरलेला डबा मी परत आणून मावशीच्या हातात द्यायचे. असं दोनदा झालं. "तिला भूक नव्हती," मी सांगायचे. मावशी डबा पिशवीत घालायची आणि म्हणायची, "असू द्या."

तिसऱ्या वेळी डबा घेऊन निघाले तर माझा जीव इतका कोंडला, की रिक्षा करून थेट निवाऱ्यात गेले आणि दारातूनच बोलायला सुरुवात केली. फोटो, पट्टी, ग्रुप, ठाणं, सगळं सांगितलं. साहेबांचं नाव पुढे केलं नाही. गप्प बसायचं शेवटी मीच ठरवलं होतं.

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कधी कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी. ठाण्यात."

"आठ दिवस झाले." तिनं पोरीला बाहेर खेळायला पाठवलं. "आठ दिवस मी त्या बाईला शिव्या देऊन राह्यले अन् तुमी ऐकून राह्यल्या."

मी माफी मागितली. तिनं ऐकली की नाही, कळलं नाही. तिचा फोन आम्हीच बंद ठेवायला लावला होता. तिनं डावा हात पुढे केला. "मावशीला लावा. आवाज मोठा ठेवा."

मी माझा फोन लावून तिच्या हातात दिला. मावशी अजून आमच्या ऑफिसच्या पायरीवरच बसलेली होती. माझा नंबर पाहून तिनं लगेच उचलला आणि मला बोलूच दिलं नाही.

"ताई, आज बी न्हाई खाल्लं ना तिनं? न्हाई खायची. मी लई इचार केला बघा. माझ्याच तोंडातून निसटलं असंल. दूधवाला इचारत व्हता, पोरगी कुणाची म्हणून. मी म्हनलं, पाव्हण्याची हाय. तिथंच चुकलं माझं. रात रात झोप न्हाई, ताई. तिचा हात मीच मोडला."

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती मावशीशी बोलली नाही. चांगल्या हातानं तिनं फोन माझ्या तोंडाजवळ आणून धरला.

"सांगा," ती मला म्हणाली. "मला सांगितलं तसंच सांगा तिला."