यादीच्या तळाचा विषय

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. विजेच्या अभ्यासाने मला भाकरी दिली. म्हणून अमरावतीत तासिका तत्त्वावर का होईना, तोच विषय मी मनापासून शिकवत होतो. तारेवर बिघाड झाला की पुरवठा आपोआप कसा तोडायचा, हा तो विषय.

यंदा विभागाने ऐच्छिक विषयांचा प्राधान्यक्रम लावला. वर सगळे संगणकाचे, तळाशी माझा. पुरेशी मुलं आली तरच तो चालणार होता.

"तुमी पोरं आना, सर. मी कुठं नाही म्हनतो?" विभागप्रमुख म्हणाले.

सर्वांत आधी नाव दिलं ते बाळापूरकडच्या एका मुलीने. तिचे वडील लाइनमन. बंद केलेल्या लाइनवर ते काम करत असताना कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा आला आणि त्यांची दोन बोटं गेली. असं होऊ नये म्हणून काय करता येतं, हे तिला शिकायचं होतं. तिच्यामागे मैत्रिणी आल्या. विषय चालेल असं वाटू लागलं.

मग एक दिवस तिचे वडील बसने आले. मुलगी शेजारी उभी होती.

"सर, हे तारांचंच शिकीन म्हनते. मी जलमभर खांबावर चढलो, ते इनं खुर्चीत बसावं म्हनून ना?"

"बाबा, मलेबी खुर्चीच भेटन. खांबावर कोन चढवून राहिलं मले?"

"तू थांब वं. सर, तुमची पोरगी असती तं तिले काय घ्याले सांगतलं असतं?"

कंपन्या कोणाला बोलावतात, हे मला माहीत होतं. माझ्यासोबत शिकलेले अकोल्यात शिकवण्या घेत बसले आहेत, हेही माहीत होतं. विषय वाचवण्यासाठी खोटं बोलवेना.

"कॉम्प्युटर," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले आणि ते निघाले. मुलगी जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

"सर, तुमालेच भरोसा नाही तं आमी कावून घ्यावा?"

तिने नाव मागे घेतलं. मैत्रिणींनीही घेतलं. विषय उघडलाच नाही.

आता मला प्रोग्रामिंगचे तास दिले आहेत. वर्गाच्या एक धडा पुढे राहून मी शिकवतो. वडिलांना मी खरं तेच सांगितलं, पण तिचं भलं केलं का, हे अजून ठरत नाही. ती पहिल्या बाकावर बसते, सगळं बरोबर सोडवते. प्रश्न मात्र एकही विचारत नाही.