तळघरातली जिरेनियम

माझी ताई दर वर्षी नोव्हेंबरात कॅनडाहून आमच्याकडे सिंगापूरला यायची आणि एप्रिलात परत जायची. मेहुणे गेल्यापासूनचा हा क्रम. मूलबाळ नव्हतं, आणि दारातला बर्फ उपसायचं वय राहिलं नव्हतं. बिशानच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तिचीच होती. ती यायच्या सुमारास माझी मुलगी आपली पुस्तकं न सांगता हॉलमध्ये आणून ठेवायची.

तिकडून निघण्याआधी ताईचं एक काम ठरलेलं असे. अंगणातली जिरेनियमची झाडं ती मुळांसकट काढायची, माती झटकायची, आणि कागदी पिशव्यांत घालून तळघरात टांगून ठेवायची. तिथल्या थंडीत बाहेर राहिली तर ती मरतात. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात बुडवून पुन्हा टांगायची, हे काम शेजारणीकडे. ती निवृत्त शिक्षिका, एकटी, ताईच्याच वयाची. घराची किल्लीही तिच्याकडेच असे. वसंतात ताई परतली की त्या वाळक्या काटक्या छाटायची, दोघी मिळून त्या कुंड्यांत लावायच्या, आणि उन्हाळ्यात मला लाल फुलांचे फोटो यायचे.

त्या वर्षी जानेवारीत एका सकाळी ताई मेथी निवडत बसली होती. आदल्या दिवशी लिटिल इंडियातून आम्ही दोघींनीच आणलेली. मी ओट्याशी उभी राहून तिला काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर तिचा उजवा हात मांडीवर लोळागोळा होऊन पडला होता आणि ती हातातल्या जुडीकडे बघत होती, ही काय वस्तू आहे ते कळत नसल्यासारखी.

पक्षाघाताचा झटका होता. हॉस्पिटलमध्ये बोलायला शिकवणारी एक मुलगी रोज यायची. फार प्रेमळ होती. चित्रं दाखवून इंग्रजीत विचारायची, हे काय, कप? ही काय, किल्ली? ताई नुसती तिच्या तोंडाकडे बघायची. मी मराठीत बोलले तर डोळे मिटून घ्यायची. भाषा बरीचशी गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तिला घरी आणलं. घरी आल्यावर पहिल्यांदा चहा पाजला तेव्हा घोट गिळून ती म्हणाली, “साखर... नाही.” मी कपबशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मराठी हळूहळू परत आली. तुटक, मधले शब्द गाळलेली, पण आली. इंग्रजी मात्र आली नाही. ज्या भाषेत तिनं आयुष्यभर नोकरी केली, भांडली, मेहुण्यांच्या आजारपणात डॉक्टरांना फैलावर घेतलं, ती जणू कुणी काढून नेली होती. माझी मुलगी सवयीनं इंग्रजीत बोलून जायची आणि मावशीचा चेहरा कोरा पडलेला बघून वरमायची. पुढे ती अडखळत मराठीच बोलू लागली. “मावशी, तुला पाणी हवी, का ज्यूस हवी?” यावर ताई हसायची आणि म्हणायची, “हवं. हवं गं.”

शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला तो मार्च संपता संपता. आमच्याकडे सकाळ, तिच्याकडे संध्याकाळ. तिला सगळं कळवलं होतंच, पण पाहत होती पहिल्यांदा. ताईनं तिला लगेच ओळखलं. डावा हात वर केला, तोंड उघडलं. काही निघेना. तिकडून शेजारीण भरभर बोलत होती, किती काळजी वाटली, घर कसं ठीक आहे, छपरावरच्या बर्फाच्या पागोळ्या अजून गळताहेत. ताई ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “काय म्हणते?”

पंचवीस वर्षं शेजारी राहिलेल्या मैत्रिणीचं बोलणं मी तिला मराठीत सांगितलं. मी बोलत असताना शेजारीण स्क्रीनवरून आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. ताईची इंग्रजी गेली म्हणजे काय, ते आता तिलाही कळलं होतं.

मग तिनं फोन घेतला आणि ताईच्या तळघराच्या पायऱ्या उतरली. पिशव्या काढून टेबलावर पसरल्या. सगळ्या काटक्या तपकिरी, सुरकुतलेल्या. “या तर गेल्या वाटतं,” ती म्हणाली. “छाटायचं काम नेहमी हीच करायची. मी नुसती माती भरत होते.”

मी ताईला सांगितलं. ताई पुढे सरकली. “नख,” ती म्हणाली. “नखानं... साल.”

“नखानं साल खरवडून बघा म्हणते,” मी इंग्रजीत सांगितलं.

शेजारणीनं खरवडलं. आत हिरवं दिसलं. ताईनं मान हलवली. दुसरी काटकी आतूनही तपकिरी निघाली. “ती नाही. टाक.” असं एकेक चाललं. कुठे कापायचं ते ताई डाव्या हाताच्या बोटानं स्क्रीनवर दाखवायची, मी सांगायची, माझी मुलगी फोन धरून उभी. “मावशी सो स्ट्रिक्ट लाह,” ती इथल्या सिंगापुरी हेलात पुटपुटली, कारण ताईनं एक फांदी पुन्हा, आणखी खालून, कापायला लावली होती. शेवटी सहा कुंड्या भरल्या. शेजारीण दमून तळघरातल्या खुर्चीत बसली. ताई घामेजली होती, पण झटक्यानंतर प्रथमच मला ती माझी ताई वाटली.

त्यानंतर कुंड्यांसाठी कॉल होत राहिले. पालवी आली, उघड्यावर ठेवायची वेळ झाली. “मेमध्ये जाईन,” ताई म्हणायची. विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. ते मी तिला सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅगेचं विचारायची.

जूनमध्ये दुसरा झटका आला. यावेळी ती शुद्धीवर आली नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि हॉस्पिटलच्या काचेतून समोरच्या इमारतीसुद्धा दिसत नव्हत्या. माझी मुलगी तिचा हात धरून मराठीत काहीबाही बोलत होती. संध्याकाळी सगळं संपलं.

शेजारणीला मीच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “प्रत्येक वेळी फोन ठेवताना ती एक शब्द म्हणायची. ‘येते.’ त्याचा अर्थ काय?”

“मी येते, असा,” मी म्हणाले. “आमच्यात निघताना तसंच म्हणतात. जाते म्हणत नाहीत.”

“म्हणजे मी समजत होते तेच,” ती म्हणाली. ती काय समजत होती, हे मला विचारवलं नाही.

फुलं जुलैत आली. तिनं फोटो पाठवला, तो मी मुलीला दाखवला. ती बघून ताईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. शरदात मी घर आवरायला गेले तेव्हा शेजारणीच्या ओसरीवर सहाही कुंड्या होत्या. तिनं मला आपल्या तळघरात टांगलेल्या नव्या, रिकाम्या कागदी पिशव्या दाखवल्या, पण झाडं अजून काढली नव्हती. “तुझ्यासमोर काढावीत म्हणून थांबले,” ती म्हणाली. आम्ही दोघींनी ती दुपार त्यातच घालवली. मुळांची माती झटकताना ती अधूनमधून माझ्याकडे बघायची, बरोबर चाललंय ना असं विचारल्यासारखं. मला यातलं काहीच येत नव्हतं. मी मान हलवत राहिले.