मास्तर थांबायचे ती जागा

लोक त्याला झेरॉक्स म्हणायचे, आणि ते काही तो झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता म्हणून नव्हे. बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा ते हुबेहूब तिथल्या मुख्य वादक मास्तरांसारखं. मास्तर कडव्याच्या मधोमध थांबायचे, मान वर करायचे, रुमालाने वाद्याचं तोंड पुसायचे आणि मग पुढचा सूर असा अलगद ठेवायचे की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. झेरॉक्सही थांबायचा. रुमालसुद्धा तसाच, चौकटीचा. मागचे ढोलवाले खुशाल फिदीफिदी हसोत, याला त्या थांबण्याचा केवढा अभिमान!

मास्तरांनी वाजवणं सोडलं आणि त्यांची पहिली खुर्ची रिकामी झाली. बँडच्या मालकाने झेरॉक्सला तोंडावर सांगितलं, "उद्या वाजवून दाखव. पण मास्तरांची नक्कल करणार असलास तर येऊच नकोस."

नक्कल सोडून त्याच्याकडे होतं काय?

तो तडक मास्तरांच्या घरी गेला. उशांना टेकून बसलेल्या मास्तरांनी वाजवायला सांगितलं. नेहमीच्या जागी तो थांबला, रुमाल काढला.

"तिथे का थांबतोस रे?"

"तुम्ही थांबायचात म्हणून."

मास्तर बघतच राहिले. "अरे वेड्या, मला दम लागायचा! कुणाला कळू नये म्हणून ते रुमालाचं नाटक."

दारात उभ्या मास्तरांच्या बायकोने कपाळाला हात लावला. झेरॉक्सने हातातला रुमाल घाईने खिशात कोंबला. कला म्हणून इतकी वर्षं जपलं ते मास्तरांचं दुखणं होतं? धडधाकट छाती असून तो धाप लागायला शिकला होता! त्याला हसू येईना की रडू येईना.

"आता न थांबता वाजव," मास्तर म्हणाले.

एकही सूर चुकला नाही, पण गाणं नुसतं धावत सुटलं. पुन्हा सुरुवात केली, आणि त्या जागी येताच बोटं आपोआप थांबली. रुमाल खिशातच राहिला. छातीत श्वास भरपूर होता, तरी पुढच्या सुराकडे लगेच जाववेना. बऱ्याच वेळाने त्याने तो सूर ठेवला.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "मला जन्मभर त्या जागेची लाज वाटली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकाने डोळे मिटून सगळं ऐकलं. "मास्तर एवढा वेळ नाही थांबायचे. हे थांबणं कुणाचं?"

झेरॉक्स मास्तरांचं नाव घ्यायला गेला, आणि तोंडातून निघालं, "माझं."

मालकाने पहिली खुर्ची पुढे सरकवली. झेरॉक्स मात्र आपल्याच शब्दाने दचकून उभाच होता.