अजून कच आहे

जेवणं उरकून हौसा ओसरीत आडवी होते. कोपऱ्यात गोणपाटाखाली माती झाकलेली आहे. तिचा नवरा गणपा पावसाळ्यात वारला, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं मडकी घडवायला भिजत घातलेली. तेव्हापासून हौसा रोज गोणपाटावर पाणी मारते. माती वाळू देत नाही, की तिला हातही लावत नाही. आज वीटभट्टीवाले ती न्यायला येणार आहेत. "चाकावर बसणार कोण आता?" लेक शेवंता म्हणाली. तेही खरंच. मागे शेवंता भांडी घासतेय, तो आवाज हळूहळू लांब जातो.

हौसा तळ्याच्या काठाला उभी आहे. गणपा पोटऱ्यांपर्यंत चिखलात, माती तुडवतोय.

"किती उशीर गं," तो म्हणतो.

"तुम्ही बरे झालात?"

तो हात पुढं करतो. "ये आत."

ती साडी खोचून उतरते. गार चिखल बोटांमधून वर येतो. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून दोघं तुडवतात. आता पायाखाली दवाखान्याची फरशी आहे. दोन्हीकडे खाटा, मधोमध काळा चिखल. नर्स कडेकडेनं जाते, रागावत नाही. खाटांवरची माणसं उठून बसतात आणि बघत राहतात.

"माती न्यायला येतायत," हौसा सांगते. "मी काय करू? मळण्यापलीकडं मला काय येतंय?"

गणपा वाकून चिमूटभर चिखल उचलतो, तिच्या ओठांशी धरतो. "चाखून सांग."

ती जिभेवर घोळवते, बारीक खडे दाताला लागतात. "कच आहे अजून."

"मग अशी अर्धवट देतेस कशी?"

"पण चाकावर..."

"लग्न झालं तेव्हा माझी मडकी वाकडीच व्हायची. तू त्यातच भात शिजवायचीस की."

तिला हसू फुटतं. हसता हसता ती त्याचा खांदा घट्ट धरायला जाते, तर हाताला नुसता गारवा.

"आई, ऊठ. ट्रॅक्टर आलाय."

दारात ड्रायव्हर फावडं घेऊन उभा आहे. "मावशी, कुठंय माती?"

हौसा बोलायला तोंड उघडते आणि दाताखाली कचकन काहीतरी येतं. बारीक खडा.

"चूळ भर आधी," शेवंता तांब्या पुढं करते.

हौसा तांब्या बाजूला सारते. "परत जा बाबा," ती ड्रायव्हरला म्हणते. "ही माती अजून मळायची राहिलीय."

आणि जिभेनं तो खडा अलगद गालाशी सरकवते.