कालवण कुणाचं, वाइन कुणाची

वलवणचे मारुती वाळंज खंडाळ्याच्या एका हॉटेलात ताटं उचलायला लागले आणि वीस-बावीस वर्षांत पाहुण्यांना वाइन सुचवणारे मारुतीभाऊ झाले. इंग्रजी बेताचंच, पण नाक तल्लख. ग्लास नुसता नाकाशी नेला, की चिली देशाची कुठली आणि नाशिकची कुठली ते सांगायचे. कशाबरोबर काय प्यावं, हे त्यांना विचारल्याशिवाय जुने पाहुणे जेवायला बसत नसत.

दहा-अकरा वर्षांपूर्वी मॅनेजर गंगाधर साहेबांनी दुपारच्या खास जेवणाचा बेत ठरवला. पाच मुलखांच्या वाइन आणि प्रत्येकीबरोबर मावळातला एक पदार्थ. चार जोड्या जमल्या, खेकड्यांचं कालवण अडलं. हॉटेलच्या कालवणाला चवच नव्हती. मारुतीभाऊ म्हणाले, "आमच्या घरचं खाऊन बघा, साहेब." साहेबांनी खाल्लं आणि त्या दिवशी मारुतीभाऊंच्या बायकोनं, कस्तुराबाईंनीच येऊन करायचं ठरलं.

राहिली वाइन. उघडलेल्या, उरल्यासुरल्या बाटल्या पिशवीत घालून मारुतीभाऊ घरी आले. कस्तुराबाईंनी कालवणाचं पातेलं मधे ठेवलं.

"अवो, कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

"दार लावलंय. घोट घे, तोंडात फिरव, मग थुंक."

फ्रान्सची लाल वाइन कस्तुराबाईंनी कालवणावर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "इळा चाटल्यावानी लागतंय." मारुतीभाऊ चपापले. लाल वाइन खेकड्या-मासळीवर लोखंडासारखी लागते, हे शिकायला त्यांना दहा वर्षं लागली, ते हिनं एका घोटात सांगितलं होतं. इटलीच्या पांढऱ्या वाइनला त्या म्हणाल्या, "ही आपल्या तिखटाला भितीय." मग आली नाशिककडची, गार, किंचित गोडसर. कस्तुराबाईंनी डोळे मिटले, पुन्हा भुरका मारला, पुन्हा घोट घेतला. ह्या खेपेला थुंकायच्या विसरल्या.

"हीच ऱ्हाऊ द्या. तिखटाशी भांडत बी न्हाई, पळून बी जात न्हाई."

दोघं पोट धरून हसले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण असं एकत्र हसल्याचं मारुतीभाऊंना आठवत नव्हतं.

जेवणाच्या दिवशी कस्तुराबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, बांधावरची जिवंत खेकडी घेऊन हॉटेलात आल्या. नांग्या स्वतः वाटल्या, रस गाळला, कालवण उकळलं. टेबलावर पहिला घास घेऊन सुनेत्रा मॅडमनी चमचा खाली ठेवला. त्या पुण्याच्या, जेवणाखाण्यावर लिहिणाऱ्या.

"मारुतीभाऊ, हे कुणी केलं? आणि ह्याला ही वाइन कुणाला सुचली? मला भेटायचंय त्यांना."

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. कस्तुराबाईंनी पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. मारुतीभाऊंनी ते पाहिलं. टेबलाभोवतीची माणसंही पाहिली, त्यांचे कपडे, त्यांचं बोलणं. ही इथे येऊन 'इळा चाटल्यावानी' म्हणाली तर?

"कालवण आमच्या शेफचं, मॅडम. वाइन मी निवडली."

दारातलं पाऊल मागे गेलं.

घरी जाताना ते म्हणाले, "तितं तसंच सांगावं लागतं."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या.

पुढे मारुतीभाऊंचं नाव झालं. दुसऱ्या हॉटेलांची बोलावणी आली, शाल-श्रीफळ मिळालं. घरी रोज दोन वेळा ताट वाढलं जायचं, त्यात काही उणं नसायचं. पण कुणी खेकडी आणून दिली, की कस्तुराबाई ती शेजारच्या हिराला देऊन टाकायच्या. एकदा मारुतीभाऊंनी विचारलंच. "हात दुखत्यात," उत्तर आलं. मग विचारायचा धीर झाला नाही.

निवृत्त झाल्यावर घरात बसून ते त्या दुपारची एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. गेल्या हिवाळ्यात अखेर त्यांनी सुनेत्रा मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या पुढच्याच रविवारी वलवणला आल्या, बरोबर त्याच नाशिककडच्या वाइनची बाटली घेऊन.

"कस्तुराबाई, त्या दिवशीचं सगळं तुमचं होतं म्हणे. मला तुमच्यावर लिहायचंय."

कस्तुराबाईंनी चहा पुढे केला. "लय वरसं झाली, बाई. इसारली मी. मला आता त्यातलं काय सांगता यायचं न्हाई." बाटलीकडे बघून म्हणाल्या, "ती त्यास्नी द्या. त्येंचं काम हाय ते."

मॅडम निघून गेल्या. कस्तुराबाई अंगणात वाळत घातलेलं भात पायानं परतायला लागल्या. मारुतीभाऊ ओट्यावर उभे राहिले.

"कस्तुरे..."

"काय?"

शेकडो पाहुण्यांसमोर त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते.

"काय न्हाई," ते म्हणाले.