शिकारप्रमुख वेंडल

वेंडल ऑस्टरहाऊटला उभ्या जन्मात कुणाला काही विचारायची सवय नव्हती. गावच्या रस्ते खात्यात त्याचं काम होतं पाट्या लावायचं. इथे थांबू नका, इकडे वळू नका, पुढे हळू जा. खड्डा खणायचा, खांब रोवायचा, दोन पावलं मागे सरून खांब सरळ आहे ना ते बघायचं आणि पुढच्या खड्ड्याकडे निघायचं. पाटीला कुणी उलट बोलत नाही. अशा नोकरीत माणसाचा स्वभाव बनतो तसा वेंडलचा बनला होता.

निवृत्त झाल्यावर त्याने हाच कारभार घरात सुरू केला. फ्रिजवर चिठ्ठी लागली, दार उघडं ठेवू नये. न्हाणीघरात लागली, टॉवेल एकाच खुंटीला टांगावा. त्याची बायको ऑड्री चर्चच्या गायनवृंदात होती, मऊ स्वभावाची होती, पण मऊपणालाही तळ असतोच. नाताळाला तिने त्याच्या हातात एक लांबुडकी पेटी ठेवली. आत जमिनीतला धातू शोधायचं यंत्र होतं.

"जा, बाहेर जाऊन काहीतरी शोध."

"काय शोधू?"

"काय वाटेल ते. पण बाहेर."

अशा रीतीने वेंडल गावच्या खजिना शोध मंडळात आला. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर मंगळवारी मंडळाची बैठक भरे. निवृत्त प्लंबर, निवृत्त मास्तर, गुडघे गेलेले दोन पोस्टमन. पैकी कुणी कधी हरीण मारलं असेल नसेल, पण शेताशेतांतून यंत्रं फिरवण्याला सगळे 'शिकार' म्हणत. सावज दोनशे वर्षं एकाच जागी पडून होतं, तरी ते यांच्या हाती लागत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

वेंडलच्या हाती तर मुळीच लागत नव्हतं. त्याचं यंत्र किंचाळलं की खालून बिअरच्या डब्याची कडी निघे. फारच जोरात किंचाळलं तर अख्खा डबा. पण तोंडाने तो सगळ्यांच्या पुढे. कुठल्या बटणाची फौज कुठली, कुठलं नाणं कुणाच्या राज्यातलं, हे सगळं त्याला पाठ होतं. फक्त बटण आणि नाणं तेवढं मिळालेलं नव्हतं. दोन वर्षांत तो मंडळाचा शिकारप्रमुख झाला. निवडणूक बिनविरोध झाली, कारण फिरत्या संडासवाल्याशी भांडायचं काम शिकारप्रमुखाकडे असतं आणि ते दुसऱ्या कुणाला नको होतं. वेंडलने मात्र त्याच आठवड्यात टोपीवर पद शिवून घेतलं.

मंडळातली खरी शिकारी होती ट्रूडी कोल्ब. गावातल्या निम्म्या बायकांचे केस तिने आयुष्यभर कापले होते. तिचं यंत्र जुनं, चिकटपट्टीने बांधलेलं. ती आपली खाली मान घालून फिरायची आणि मंगळवारी खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवायची. कधी बुटाचं पितळी बक्कल, कधी जुन्या बंदुकीची शिशाची गोळी. त्या रात्री वेंडलला जेवण गोड लागत नसे.

आणि या सगळ्यांचं स्वप्न म्हणजे स्नायडरांचं शेत. दगडी घराच्या मागे ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं मक्याचं मोठं रान. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी जवळचं किंग्स्टन गाव जाळलं त्या सालात अमेरिकन शिपायांची एक तुकडी तिथे थंडीत कुडकुडत पडली होती, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. खरं-खोटं देव जाणे. घराची मालकीण विल्मा स्नायडर नव्वदीला टेकलेली. यंत्रवाल्यांना ती कुत्र्यासारखी हाकलायची. तिच्या घरचा कुत्रासुद्धा त्या बाबतीत तिच्यापेक्षा बरा होता.

वेंडलने ऑड्रीकडून सफरचंदाचा पाय, म्हणजे तिकडची सारण भरून भाजलेली जाड पोळीच म्हणा, करून घेतला आणि तो घेऊन गेला. मग दुसरा घेऊन गेला. तिसऱ्या पायला विल्मा म्हणाली, "हा तुझ्या बायकोने केलाय ना?"

"हो, मिसेस स्नायडर."

"मग तिच्यासाठी देते परवानगी. नोव्हेंबरात मका निघाला की या. पण शेत कसायला लायल कीटरकडे आहे. त्याला विचारून घे."

"घेतो की, त्यात काय मोठंसं!" वेंडल म्हणाला आणि कागदावर तिची सही घेऊन बाहेर पडला. गाडीत बसेपर्यंत त्या शेवटच्या वाक्यावर त्याच्या मनात गवत उगवलं होतं.

त्यालाही कारण होतं. लायल कीटरच्या दीडशे गाई होत्या, आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी जड गाड्यांना मनाईची पाटी वेंडलनेच लावली होती. तेव्हापासून लायलला ट्रॅक्टर घेऊन गावाला वळसा घालून जावं लागे. त्या पाटीवरून दोघांची हमरीतुमरी झाली होती. अशा माणसाच्या दारात जाऊन 'लायल, येऊ का रे शेतात?' असं विचारायचं? त्यापेक्षा वेंडलने जीभ गिळली असती.

मंगळवारी त्याने मंडळापुढे कागद फडकावला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. दोन्ही पोस्टमन तर गुडघे विसरून उभे राहिले.

मग सुरू झालं नियोजन. वेंडलने शेताचा नकाशा भिंतीएवढा छापून आणला आणि त्याचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला रंग, प्रत्येक रंगाला झेंडी, प्रत्येक झेंडीला नायक. शिट्टी एक वाजली तर सुरू, दोन वाजल्या तर थांबा, तीन वाजल्या तर शिकारप्रमुखाकडे धाव घ्या. तारखेवर दोन बैठका गेल्या. एका शनिवारी चर्चचं जेवण, एका शनिवारी फुटबॉल, आणि त्यानंतर बंदूकवाल्यांचा हरणांचा मोसम. त्या दिवसांत शेतात वाकून फिरणं म्हणजे आपणहून हरीण होणं. अखेर नोव्हेंबरचा पहिला शनिवार ठरला. डोनटवर आणखी एक बैठक गेली. साखरेचे की दालचिनीचे, या प्रश्नावर मास्तरांनी राजीनामा दिला आणि दोन्ही ठेवायचं ठरल्यावर मागे घेतला.

एवढ्या वेळात ट्रूडीने एकदाच तोंड उघडलं. "वेंडल, लायलला विचारलंस का?"

"मालकिणीची सही आहे."

"सही आहे ते दिसलं. लायलला विचारलंस का?"

"ट्रूडी, शेत कुणाचं? मालकिणीचं. मग गड्याला कशाला विचारायचं?"

"तो गडी नाही. खंड भरतो तो."

"पुढचा मुद्दा, फिरते संडास!" वेंडल म्हणाला आणि हातोडी आपटली. हातोडीही त्याने घरून आणली होती.

शनिवार उजाडला तो निळाभोर, थंड, हवा कशी काचेसारखी. वेंडल सगळ्यांच्या आधी हमरस्त्याच्या फाट्यावर पोचला. रस्त्यावर बाणांच्या पाट्या लावल्या. नवे कोरे पिवळे बूट घातले होते. मागोमाग सगळ्या गाड्या शेतापाशी आल्या, चाळीसेक माणसं उतरली, आणि उतरता उतरता प्रत्येकाने नाकाला हात लावला.

शेतावर सडा पडला होता. आपल्या अंगणात घालतात तसा हातभर नव्हे. लायलने शुक्रवारी मोठ्या टाकीतून शेणाचा पातळ रबडा आणून या बांधापासून त्या बांधापर्यंत ओतला होता. मक्याची खुंटं त्यातून डोकी वर काढून श्वास घेत होती. परवा वेंडलने रोवलेल्या रंगीत झेंड्या आता सगळ्या एकाच रंगाच्या होत्या.

वाऱ्याची झुळूक आली तेव्हा एक पोस्टमन एवढंच म्हणाला, "डोनट गाडीत ठेवा रे."

लायल पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टरला टेकून कॉफी पीत होता. वेंडल कागद पुढे धरून तिकडे तरातरा गेला.

"हे काय आहे?"

"शेण," लायल म्हणाला.

"ते मला दिसतंय! आमच्याकडे परवानगी आहे. ही बघ सही."

लायलने कागद हातात न घेता शांतपणे वाचला. "बरोबर आहे. शेत विल्माचं. मका माझा होता, तो काढला. शेण माझ्या गाईंचं, ते टाकलं. आता यात तुझं काय आहे ते सांग."

"तू मुद्दाम केलंस!"

"वेंडल, दर वर्षी मका निघाला की पहिल्या कोरड्या दिवशी मी शेण टाकतो. बर्फ पडल्यावर टाकायची सोय नाही. पंचवीस वर्षं तू याच रस्त्याने जात होतास. नाक घरी ठेवून जायचास का?" त्याने कॉफी संपवली. "एक फोन केला असतास तर सोमवारी टाकलं असतं. मला काय, सोमवारही कोरडा आहे."

वेंडलने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. वाद हरला की तो शिट्टी वाजवत असे. त्याने ती वाजवली. एकदा. म्हणजे सुरू.

निम्मी माणसं गाड्यांत बसून हॉटेलात अंडी खायला गेली. राहिलेल्यांनी पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. ट्रूडीने गाडीतून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढले. ते तिच्या गाडीत कायमच असत. "शेणच तर आहे," ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं लोकांची डोकी धुतली." आणि ती आत उतरली.

वेंडल बांधावर उभा राहून ओरडत होता. "हिरवा चौकोन, डावीकडे! निळा, तू लालमध्ये घुसतोयस!" पण झेंड्याच ओळखू येत नव्हत्या, तिथे निळा कोण आणि लाल कोण! शेवटी नियमभंग पकडायला तो स्वतः शेतात शिरला. चौथ्या पावलाला उजवा बूट खाली राहिला आणि पाय वर आला. एका पायावर तोल सावरता सावरता तो बसला. सावकाश, डौलात, खुर्चीत बसावं तसा बसला. त्याच्याकडे बघून सगळी शिकार थांबली. दोन शिट्ट्यांची गरजच पडली नाही.

दगडी घराच्या ओसरीतून विल्मा स्नायडर हे सगळं बघत होती. तिने गुडघ्यांवर पांघरूण घेतलं होतं. नातीला ती म्हणाली, "टीव्ही बंद कर गं. वीज जाते उगाच."

दुपारपर्यंत मिळालं ते काय? बरंच लोखंड, बैलाचा एक नाल, कड्या अर्थातच. आणि ट्रूडीला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जिथे टाकीचं वळण चुकल्याने जमीन कोरडी राहिली होती, एक काळवंडलेलं चपटं बटण मिळालं. थुंकी लावून पुसलं तर त्यावर फौजेची अक्षरं होती. म्हणजे गावातली गोष्ट अगदीच थाप नव्हती. सगळे तिच्याभोवती जमले. वेंडलही आला, पण वारा त्याच्याकडून वाहत होता, म्हणून त्याला जरा लांबून बघायला लावलं.

घरी ऑड्रीने दार उघडलं, नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दार पुन्हा लोटलं. आतून म्हणाली, "कपडे बाहेरच काढ. पाण्याचा पाइप झाडाला टांगलाय."

"ऑड्री, थंडी आहे!"

"हो ना. म्हणून पटापट आटप."

पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये सगळे त्याच्याशी हवापाण्यावर बोलले. फक्त त्याच्या खुर्चीखाली कुणीतरी वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. तो हिवाळा वेंडलने जवळजवळ मुक्याने काढला. फ्रिजवरची चिठ्ठीही पडली, तर त्याने परत लावली नाही. ऑड्रीला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. शेवटी मार्चमध्ये एके सकाळी तिने सफरचंदाचा पाय भाजून ओट्यावर ठेवला. "हा लायलचा. जा."

वेंडल गेला. गोठ्यात लायल गाईंच्या सडांना दुधाची यंत्रं लावत होता. वेंडल पायचं ताट घेऊन दारात उभा राहिला, खोकला, हवेबद्दल बोलला, दुधाच्या भावाबद्दल बोलला, एका गाईची तारीफ केली. लायल काही मदत करीना.

"लायल," वेंडल अखेर म्हणाला. त्याने ताट या हातातून त्या हातात घेतलं. "एप्रिलमध्ये... नांगरायच्या आधी... येऊ का आम्ही?"

लायलने हात पुसले. "येऊ शकता. पण हिवाळा उलटला की त्या शेतात दगड वर येतात. ते वेचून बांधावर टाकायचे. आधी दगड, मग तुमची यंत्रं."

"सगळे दगड?"

"लहान राहिले तर चालतील. डोक्याएवढे तेवढे उचला. बोलणाऱ्या डोक्याएवढे."

मंगळवारी वेंडल पुन्हा तरतरीत होऊन हॉलमध्ये उभा राहिला. टोपी धुतलेली होती. "मंडळी, कीटरसाहेबांशी माझ्या वाटाघाटी यशस्वी झाल्या आहेत. शिकारीपूर्वी अंग मोकळं करण्यासाठी थोडा हलका व्यायाम ठेवला आहे."

ट्रूडीने वर बघितलं. "दगड वेचायचेत ना?"

"त्यालाही व्यायामच म्हणतात, ट्रूडी."

एप्रिलातल्या त्या शनिवारी चाळीस माणसांनी तीन वाजेपर्यंत लायल कीटरचे दगड वाहिले. मजूर लावले असते तर लायलला आठवडाभर जेवणही द्यावं लागलं असतं. इथे डोनटही त्यांनी आपलेच आणले होते. वेंडल रांगांमधून फिरत होता, पाठ सरळ ठेवून उचला म्हणून सांगत होता. स्वतः त्याने एक दगड उचलला, तोही मोठा. मग तो उचलताना कुणी बघितलं ते त्याने वळून पाहिलं.

यंत्रं चालू झाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तासाभरात पाऊस आला आणि सगळे गाड्यांकडे पळाले. वेंडलचं यंत्र तेवढ्यात किंचाळलं. त्याने गुडघ्यावर बसून खणलं, आणि मातीतून तांब्याचा एक गोल तुकडा निघाला. दोन्ही बाजूंनी झिजून गुळगुळीत. ना चेहरा, ना अक्षर, ना साल.

"तिसऱ्या जॉर्जचं नाणं!" तो भर पावसात ओरडला. "ट्रूडी, हे बघ, हे राजाचं नाक!"

ट्रूडीने ते अंगठ्याने चोळलं, उलटंपालटं केलं. "नाक कुठेय?"

"इथे. तिरकं धर."

तिने तिरकं धरलं. पावसाचं पाणी त्यावरून ओघळून गेलं. "वॉशर असेल, वेंडल. भोक बुजलेलं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर ते परत ठेवून गाडीकडे गेली.

आता ते वेंडलच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेलं आहे. वर छोटा दिवा आहे. येणाऱ्याला तो राजाचं नाक दाखवतो, आणि दिसेपर्यंत कॉफी देत नाही. बहुतेकांना पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.