मामीचा भाला

जळगाव जामोदच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो तेव्हा माझ्या दोनच चैनी होत्या. एक पानाची, आणि दुसरी खामगावच्या बाजारात रद्दीवाल्याशी घासाघीस करून आणलेल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशाची. शिकवायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण मला त्यातले मेलेले शब्दच आवडायचे. त्यातही शस्त्रांचे आणि अवजारांचे. बॉडकिन घ्या. एके काळी हा खंजीर, माणसांची पोटं फाडणारा. पुढे त्याचं दाभण झालं, मग बायकांच्या केसांतला आकडा, आणि म्हातारपणी नाडी ओवायची बोथट सुई. आर्टिलरी म्हणजे तोफखाना हे कुणीही सांगेल, पण तोफा यायच्या आधी तो शब्द धनुष्यबाणांवरच पोट भरत होता. असा एखादा शब्द सापडला की मी दिवसभर खुशीत असे, आणि ऐकायला दुसरं कुणी नसलं की घरमालकिणीला ऐकवी.

तिला सगळा गाव मामी म्हणे, म्हणून मीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत ती स्वतःच पाहायची, आणि जीभ तिची विळीपेक्षा धारदार. बॉडकिनची कथा ऐकून ती एवढंच म्हणाली की इंग्रजाच्या सुरीलासुद्धा पेन्शन मिळते तर.

तिच्या घरात नवऱ्याचा रानडुकरांसाठीचा भाला होता. दांडा मोडून हातभर उरलेला. त्याने ती रोज गुळाची भेली फोडायची, अंगणातलं गवत उकरायची, मांजर हाकलायची. पण खंडेनवमीला त्याचा थाट निराळा. त्या घरात पूजेचे दोन पाट मांडायची रीत होती. ओसरीवरचा पाट पुरुषांच्या शस्त्रांचा आणि चुलीपुढचा बायकांच्या विळी-मुसळाचा. ओसरीच्या पाटावर दरसाल तो एकटा भाला झेंडूची माळ घालून बसे.

त्या वर्षी नागपूरहून हुकूम आला की विनापरवाना शस्त्रं ठाण्यात जमा करायची. नवमीच्या तोंडावर ठाणेदार दारात उभा राहिला. मामीचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी धावत शब्दकोश आणला. या ठाणेदाराला इंग्रजीची भारी हौस, हे मला ठाऊक होतं. मी त्याला गॅव्हलॉक हा शब्द काढून दाखवला. मूळ अर्थ फेकायचा भाला. त्याचं कूळ कुणी दोन फाटे फुटलेल्या काठीत शोधतं, कुणी आणखी कुठे. पण पुढे विलायतेतल्याच लोकांनी लोखंडी पहारीला तेच नाव दिलं. तेव्हा साहेब, ज्याने गूळ फुटतो तो भाला राहील कसा, असा माझा सवाल होता.

ठाणेदाराने तो शब्द तोंडात दोनदा घोळवला. आवडला असावा. पण गडी पक्का होता. म्हणाला, नवमीला येतो. चुलीपुढच्या पाटावर दिसली तर पहार, ओसरीवर दिसला तर भाला, आणि भाला असेल तर जप्त.

मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मामी मात्र बिथरली.

"त्याईचा भाला मी चुलीपुढं नाई ठेवनार, मास्तर."

रोज गूळ फोडता ना त्याने, असं मी विचारलं.

"फोडते ना. म्हनून का तो मुसळ झाला?"

मी परोपरीने समजावलं. एक दिवस चुलीपुढे ठेवला तर काय बिघडतं, भाला तर घरात राहील. ती ऐकेना.

नवमीला ठाणेदार आला आणि ओसरीच्या पायरीवरच थबकला. चुलीपुढचा पाट मामीने बाहेर आणून ओसरीच्या पाटाला जोडला होता, आणि त्यावर सारं स्वयंपाकघर ओतलं होतं. विळी, मुसळ, पावशी, झारा, उलथनं, जात्याचा खुंटा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मधोमध भाला. त्याच्याखाली माझा शब्दकोश, त्यालाही कुंकवाचं बोट. मला विचारलंही नव्हतं.

ठाणेदार म्हणाला, यातला पाट कोणता, चुलीचा की ओसरीचा?

"एकच हाये, सायेब. न्याचं तं साराच न्या. मंग आमी जेवाले तुमच्या घरी येतो."

तो हसू दाबत बसला. प्रसाद घेतला, पानही घेतलं, आणि जाताना अंगणात स्वतःशीच गॅव्हलॉक, गॅव्हलॉक म्हणत गेला. मी विजयी मुद्रेने मामीकडे वळलो आणि म्हणालो, शेवटी पहार ठरली ना.

ती माळ सारखी करत होती. तशीच बोलली.

"त्याईनं एकबी डुक्कर मारलं नाई. एकडाव डुक्कर आलं तं भाला टाकून झाडावर चढले. तवाच दांडा मोडला. जितेपनी सारा गाव हासला त्याईले. आता घरात तं त्याले भाला म्हना."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. ती हसत होती, पण डोळे भरले होते.

दसऱ्याच्या सकाळी चहाला गूळ नव्हता. भेली काढून मी ओसरीवर बसलो आणि आत हाक मारली, "मामी, भाला द्या."